उलटा किल्ला

ग्वाल्हेरचा किल्ला मी रोज सुलटा बघत मोठा झालो, पण मनात ठसला तो उलटा. शिंदे की छावनीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आजोबांची डंपी लेव्हल, म्हणजे मोजणीची दुर्बीण, तिपाईवर चढली, की तेली का मंदिराचं शिखर खाली आणि कडा वर, असा सगळा डोंगर आभाळातून लोंबायचा. आजोबा संस्थानाच्या बांधकाम खात्यात होते. खात्यानं मोडीत काढलेली ती लेव्हल त्यांनी लिलावात घेतली होती. का घेतली, असं आजी शेवटपर्यंत विचारत राहिली.

चित्र उलटं का, याचं उत्तर मला पुष्कळ उशिरा कळलं. पुढचं भिंग प्रतिमा उलटीच पाडतं. ती सुलटी करायला मधे आणखी भिंगं घालावी लागतात आणि जुन्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चारेक टक्के उजेड परत फिरतो. मोजणीवाल्यांनी उजेड ठेवला, सुलटेपण सोडलं. आकाशाचे वेध घेणारेही तेच करतात, कारण गुरू उलटा असला तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणजे आजोबांचं ते रस्ते आखायचं यंत्र कुळानं आकाशाच्या जवळचं होतं. अडचण एकच: लेव्हलची नळी आडवीच फिरते, तिला वर बघता येत नाही. मी ती तिपाईवरून उतरवून गच्चीच्या कठड्यावर उशांच्या आधारानं तिरकी ठेवली. गुरूवरून आडवा गेलेला कोळ्याच्या तंतूचा काळा धागा आणि दोन्ही बाजूंना बारीक ठिपके. आजोबा म्हणाले, "धागा मोजायला असतो. तू ठिपके मोज."

शाळेची सहल उज्जैनला गेली तेव्हा वेधशाळेत मी दुर्बीण शोधत हिंडलो. तिथे होते दगड-चुन्याचे जिने, भिंती आणि त्यांच्या सावल्या. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली ती यंत्रं ढासळत चालली होती. १९२३ मध्ये आमच्या माधवराव शिंदे महाराजांनी त्यांचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या गणितज्ञानं तिथलं काम सांभाळलं. जयसिंगांना दुर्बीण ठाऊक नव्हती असं नाही. पण पितळी यंत्रं लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकतं, अशी त्यांची तक्रार होती. ती वाचली तेव्हा माझ्याकडे जुन्या पितळी दुर्बिणींचा बऱ्यापैकी साठा झाला होता आणि त्यातल्या निम्म्याअधिक नळ्यांचे आस खरोखरच झिजलेले होते.

हा साठा जमायला आमच्यासारखं गाव नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि त्याचंच लष्कर हे शहर झालं. फौज, मोजणी, शिवपुरीच्या जंगलातली शिकार, या तिन्हींना दुर्बीण लागते. सरदारांचे वाडे वाटण्यांत विरले, माळे रिकामे झाले, तशा या दुर्बिणी बाहेर आल्या. तारा बघायला घेतलेली दुर्बीण मला इथे जवळजवळ मिळालीच नाही. मिळाल्या त्या शत्रू, वाघ नाहीतर रस्त्याची उंची बघायला घेतलेल्या.

लोहिया बाजाराच्या बाजूचा माझा जुना कबाडी नेहमी सांगतो, "भाईसाहब, पीतल तौल में जाएगा, काँच का कुछ नहीं." माझ्या दृष्टीनं हिशेब बरोबर उलटा. मी आधी वस्तुभिंग बघतो. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचांची जोडी, डॉलंडनं १७५८ साली जिचं पेटंट घेतलं ती. जोडीत कॅनडा बाल्सम भरलेला असला आणि तो सुटला असला, तर कडेनं इंद्रधनुषी डाग पसरतात. काचा सुट्या करायची वेळ आलीच, तर त्यांच्या कडेवर जुन्या कारागिरानं पेन्सिलीनं केलेली खूण जुळवून मगच परत बसवायच्या. नळीवर बाणाचं सरकारी चिन्ह असलं तर ती फौजेची. पहिल्या महायुद्धातली स्काउट रेजिमेंटची दुर्बीण मला अशीच मिळाली, कातडी म्यानासकट. आणि पितळेवरचं जुनं लाखेचं पाणी घासून काढायचं नाही, हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की पाडव्याला भांडी घासायला निघाली की बायको त्या कपाटाला आधी कुलूप लावते.

बाजारात सर्वांत देखण्या दुर्बिणी मात्र खोट्या. रुडकी आणि मुरादाबादचे कारागीर झकास पितळी नळी करतात, तिच्यावर लंडनचं एखादं नाव आणि जुनं साल कोरतात. मला त्यांचा राग येत नाही. रुडकीला मोजणीची यंत्रं करायची परंपरा जुनी आहे. तिथल्या कारागिरानं स्वतःचं नाव कोरलं असतं तर मी जास्त पैसे दिले असते. त्या नळ्यांचं वस्तुभिंग बहुधा एकाच काचेचं असतं आणि चंद्राच्या कडेला जांभळी झालर येते.

संग्रहाचं वेड ताब्यात ठेवायला मला पुण्याच्या एका दुर्बिणीची गोष्ट उपयोगी पडते. विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नेगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा काढली. १८८८ मध्ये डब्लिनच्या ग्रबची वीस इंची परावर्तक दुर्बीण तिथे आली; तेव्हा भारतात तिच्याएवढी दुसरी नव्हती. नेगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा मिटली. दुर्बीण कोडाइकनालला गेली आणि कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. उभी राहिली ती १९५१ मध्ये, आणि पुढे तर लेहला जाऊन तिनं काम केलं. मला तिची पुण्यातली वर्षं किंवा मोठेपण तितकंसं भावत नाही. मला टोचतात ती मधली पडून राहिलेली वर्षं, कारण माझ्या कपाटातही तेच चालू असतं.

म्हणून प्रत्येकीला वर्षातून एकदा तरी गच्चीवर नेतो. १९९५ च्या दिवाळीच्या अमावास्येला खग्रास ग्रहण होतं, तेव्हा आजोबांची लेव्हल घेऊन फतेहपूर सिक्रीला गेलो. सूर्याकडे नळीतून बघायचं नव्हतंच; पांढऱ्या पुठ्ठ्यावर बिंब पाडलं. मधून मधून भिंगावर टोपी घालत होतो, उन्हानं बाल्सम मऊ होऊ नये म्हणून. खग्रास मिनिटभरही टिकलं नाही, आणि तेवढा वेळ पुठ्ठ्याकडे कुणीही बघत नव्हतं, मीसुद्धा.

आता मुलगी म्हणते, यांची नीट यादी करा, पुढे आम्हांला काय ठाऊक कोणती कसली. तिला कारखाना, साल, किंमत हवी होती. मी प्रत्येक नळीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली. लेव्हलच्या चिठ्ठीवर आहे: 'गुरूचे चार चंद्र, उशा लागतील.' फौजेच्या दुर्बिणीवर: 'कृत्तिका सुरेख. शनीचं कडं नाही, पंधरापटीत येत नाही.' रुडकीच्या त्या चकचकीत नळीवरही एक आहे: 'लंडन खोटं. चंद्रावरचे खड्डे खरे.'