गाडी किती देते?

शनिवारी सकाळी मुंबईहून निघा, नाशिक-चांदवड करत मनमाड गाठा. अंगठ्यासारखी उभी हडबीची शेंडी दिसली की एक कटिंग मारा आणि नांदगावचा रस्ता धरा. पंचवीसेक किलोमीटर. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. कांद्याचे ट्रॅक्टर, उघडं माळरान आणि सोबतीला मुंबई-भुसावळ रेल्वे. पण अॅव्हरेजचा क्लास लावायचा तर रस्ता हाच!

आमचे सर म्हणजे मामा. मनमाडजवळचं पानेवाडी याच नांदगाव तालुक्यातलं. मुंबईच्या रिफायनरीतलं पेट्रोल-डिझेल पाइपलाइननं इथल्या डेपोत येतं आणि टँकरनं पुढे जातं. मामांनी आयुष्यभर टँकरच चालवला.

मेलबर्नच्या मामेभावानं सेकंडहँड माझदा आरएक्स-८ घेतली, तेव्हा फोनवर मामांचा पहिला प्रश्न, "किती देते रे?"

"सात-आठ."

"एवढ्यात तर टेम्पो येतो!" मामांना माहीत असलेली माझदा म्हणजे स्वराज माझदा. भावाला ते फार लागलं. फोन कमी झाले.

खरं तर दोष इंजिनाच्या जातीचा. २००३ ते २०१२ या काळात बनलेल्या या कारला पिस्टनच नाहीत, तिकोनी रोटर फिरतात. इंजिन जेमतेम १.३ लिटरचं, पण ९००० आरपीएमपर्यंत मस्त पळतं. मात्र पेट्रोल जळायची जागा लांबट, चपटी. बरीच उष्णता भिंतीत मुरते, थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. वर सीलसाठी ऑइलही जळतं.

दिवाळीत भाऊ घरी आला. मामांच्या जुन्या मारुतीत स्टिअरिंगवर तो, शेजारी मामा, मागे मी. मनमाड सोडल्यावर मामा म्हणाले, "तो ट्रॅक्टर दिसला ना? मग आत्ताच पाय काढ. ब्रेक मारलास की आधी जाळलेलं पेट्रोल फुकट." पुढे एकेक धडा. टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघ. डिकी रिकामी ठेव. वरच्या गिअरला एका चालीत जा.

भावानंही आपलं सांगितलं. प्लग आणि कॉइल थकले की रोटरी जास्तच पिते. थंड इंजिनावर कोपऱ्यापर्यंत जाऊन लगेच बंद केली, तर पेट्रोल साचून पुन्हा सुरूच होत नाही. मामा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे दुधासाठी पायीच जायचं," एवढंच बोलले.

नांदगाव स्टेशन येईपर्यंत दोघं थांबलेच नाहीत.

परवा मेलबर्नहून फोन आला. "दादा, हायवेला नऊ देते!"

"सुधारतोय," मामा म्हणाले. गाडी की पोरगा, कोण जाणे!