दम घ्यायची जागा

आमच्या यावलला दिवाळीच्या सुमारास थंडी पडू लागली, की संध्याकाळी चहाच्या दुकानापाशी चार म्हातारी माणसे जमतात. केळीचा भाव, कापसाचे वजन, लांबलेला पाऊस हे विषय पहिल्या चहाला पुरतात. दुसऱ्या चहाला शाहीर लागतात. कुणी शाहीर साबळ्यांचे नाव काढतो. ते वाईजवळच्या पसरणीचे. परंतु लहानपणी काही काळ अमळनेरला आजोळी होते आणि तेथे त्यांना साने गुरुजींचा सहवास घडला. एवढ्या नात्यावर खानदेश त्यांना आपलेच समजतो. दुसरा कुणी अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख ही जोडी काढतो. १९४४ साली गव्हाणकरांसह लाल बावटा कलापथक उभे करणारे हे दोघे १९६९ च्या एकाच पावसाळ्यात गेले. जुलैत अण्णाभाऊ, ऑगस्टात अमर शेख. "जोडी म्हणावी तर अशी," असे म्हणून तो कपबशी खाली ठेवतो.

आणि मग, ठरल्याप्रमाणे, सर्वजण माझ्याकडे वळतात. "गुरुजी, आपल्या जोडीचं सांगा. तुम्ही तर लिहीत होता ना?"

मी सांगतो. वहीतल्या ओळी म्हणूनही दाखवतो. माना डोलतात. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली, आणि त्या ओळींविषयी एक गोष्ट मी अद्याप कुणाला सांगितलेली नाही. ती येथे सांगतो.

आमची जोडी म्हणजे मोठ्या नावाची माणसे नव्हेत. एक तुरेवाले अण्णा, गावातच गवंडीकाम करणारे. दुसरे कलगीवाले चाचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तडवी वस्तीतले. दोघेही भेदिक गाणारे. ज्यांनी कलगी-तुरा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तुरेवाला शिवाचा पक्ष घेतो, कलगीवाला शक्तीचा. समोरासमोर दोन फड बसतात. एकाने डफावर थाप टाकून कूट सवाल घालायचा, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे आणि मगच आपला सवाल टाकायचा. उत्तर अडले, की फड हरला. प्रत्येक शाहिरामागे झीलकरी उभा असतो. शाहिराची ओळ संपली, की तो तिचे शेवटचे शब्द उचलून धरतो आणि तेवढ्यात शाहीर दम घेतो. लोकांना वाटते झील शोभेसाठी असते. पण खरे पाहता ती श्वासासाठी असते.

अण्णा आणि चाचा पंचवीस वर्षे एकमेकांसमोर बसले. एकत्र गायले असे कधी झाले नाही. तसे गायचे नसतेच. गावात त्यांचे दोन तट होते आणि आमच्या घरातही दोन. वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, तुऱ्याचे. मामा कलगीचे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दोघे एका ताटाला ताट लावून जेवत नसत.

१९९५ सालची व्यासपौर्णिमा. आमच्या गावात महर्षी व्यासांचे देऊळ आहे, त्यामुळे त्या दिवशी बाहेरगावची पुष्कळ माणसे येतात. दर्शने आटोपल्यावर रात्री एका खळ्यातल्या पत्र्याखाली फड बसले. आषाढाच्या ओलीने डफ उतरत होते. दर दोन सवालांनी ते शेगडीवर शेकून घ्यावे लागत. वीज गेली होती, म्हणून कुणीतरी हौसेने आणलेला टेपरेकॉर्डर मुका पडला होता. मी दहावीला होतो, अक्षर बरे होते. नानांनी माझ्या हाती दोनशे पानी वही दिली आणि म्हणाले, "सवाल-जवाब सगळा उतरून घे. उद्या मामानं नाही म्हणायला नको." कंदिलाजवळची जागा मला मिळाली.

मध्यरात्र उलटून गेल्यावर अण्णांनी एक अवघड सवाल घातला. चाचांनी डफ उचलला. त्या वर्षी त्यांचा झीलकरी आला नव्हता. एक नवखा पोरगा मागे उभा होता. चाचांनी उत्तराची पहिली ओळ टाकली, दुसरी टाकली, आणि तिसरीच्या मध्ये त्यांना खोकल्याची उबळ आली. पोरगा गांगरला. झील पडली नाही. एक क्षण सारे खळे गप्प. नानांनी टोपी उडवायला हातात घेतलेली मी पाहिली.

आणि झील आली. ती समोरून आली. अण्णा आपल्या बैठकीवरून उठले होते आणि चाचांच्या ओळीचे शेवटचे शब्द चाचांच्याच चालीत धरून उभे होते. चाचा खोकत होते, अण्णा तेच शब्द घोळवीत होते. चाचांना दम आला तशी त्यांनी पुढची ओळ टाकली. अण्णांनी पुन्हा झील धरली. स्वतःच्या सवालाचे, स्वतःच्या पक्षावर उलटणारे उत्तर अण्णा प्रतिपक्षाच्या मागे उभे राहून उचलत होते. शेवटच्या कडव्याला कोण शाहीर आणि कोण झीलकरी हे कळेनासे झाले. नानांच्या हातातली टोपी हातातच राहिली. पलीकडे मामा डोळे पुशीत होते.

सकाळी नानांनी वही उघडली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर माझे अक्षर थांबले होते. पुढे कोरे पान. मी ऐकत राहिलो होतो.

नाना रागावले नाहीत. "राहू दे," एवढेच म्हणाले. पुढे चार वर्षांच्या आत दोन्ही शाहीर गेले. दोघांनाही लिहिता येत नव्हते. जे होते ते गळ्यात होते आणि गळ्याबरोबर गेले. आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु त्यांची गाणी घरच्यांनी उतरून ठेवली होती, म्हणून १९५२ साली, त्यांच्या पश्चात, ती महाराष्ट्राला मिळाली. सोपानदेवांनी आईची गाणी जपली. माझ्या हाती पेन्सिल असून मी काही जपले नाही.

२००९ साली नाना अंथरुणाला खिळले. एके दिवशी म्हणाले, "ती वही काढ. चाचांचं उत्तर वाच." कोऱ्या पानाची गोष्ट ते विसरले होते. मी म्हणालो, "शोधतो, उद्या वाचतो." त्या रात्री दिव्यापाशी बसून मी ते पान भरले. तोवर माझी एक कादंबरी छापून झाली होती. शब्द जुळवणे मला जड नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वाचले. नानांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "हेच. हेच ते." आठवड्याने ते गेले. दहाव्याला कुणीतरी वही मागितली, ओळी तोंडातोंडी झाल्या, आणि आता चहाच्या दुकानात त्याच चाचांच्या म्हणून चालतात. एका म्हाताऱ्या माणसाला समाधान द्यावे म्हणून केले, असे मी स्वतःला सांगत आलो. पण चाचांच्या तोंडी मी माझे शब्द घातले, आणि त्यांचे जे काही कुणाच्या आठवणीत शिल्लक असेल त्यावर ते शब्द बसले, हेही खरे आहे.

गेल्या अक्षय्य तृतीयेला मामांकडे गेलो होतो. वय नव्वदीकडे झुकले आहे. न राहवून मी त्यांना सारे सांगितले. त्यांना धक्का बसेल असे मला वाटले होते. ते हसले.

"मले पहिल्याच येयेले कयलं व्हतं, भाच्या."

"कसं?"

"तुह्या ओयीत दम घ्यायले जागाच नाही."

मी घरी येऊन त्या ओळी मोठ्याने म्हणून पाहिल्या. मामांचे खरे होते. ओळ ओळीला चिकटलेली. मध्ये दुसऱ्या कुणी यावे, उचलून धरावे, अशी फट कोठे नव्हती. एकट्याने एका रात्रीत लिहिलेले ते काव्य होते. त्या खळ्यातले गाणे दोघांवाचून पुरे होणारे नव्हते.

वहीत मी त्या पानाच्या मध्यावर आता एक रेघ ओढली आहे आणि खाली लिहिले आहे: 'येथून पुढच्या ओळी माझ्या. त्या रात्री या गायिल्या गेल्या नाहीत.' चहाच्या दुकानात हे तोंडाने सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. हा अंक आमच्या वाचनालयात येतो, आणि ती मंडळी तो वाचतात. यंदा दुसऱ्या चहाला ते माझ्याकडे वळले, तर मी वही नेणार नाही. ज्याला जेवढे आठवते तेवढे त्याने म्हणावे. मी मागे उभा राहून झील धरीन.