परत आलेल्या पाकिटावरचे कारण

गेल्या श्रावणातील गोष्ट. बेळगावात पावसाने चार दिवस उसंत घेतली नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे आमच्या सौभाग्यवतींना धाप लागली आणि सातच्या सुमारास आम्ही त्यांना रिक्षातून एका रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी लगेच प्राणवायू लावला, दाखल करून घ्यावे लागेल म्हणाले आणि मला अनामत भरण्यासाठी खिडकीकडे पाठविले. रक्कम ८,००० रुपयांची होती. एवढी रोख जवळ नव्हती. पण हल्ली माझ्यासारखा म्हाताराही मोबाइलवरून पैसे देतो. खिडकीवर चिकटविलेल्या चौकोनी चिन्हासमोर मोबाइल धरला, गुप्त आकडे दाबले. पडद्यावर एक चक्र बराच वेळ गरगरत राहिले आणि मग अक्षरे उमटली : 'काहीतरी चुकले. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

मी जन्मभर सरकारी नोकरी केलेला मनुष्य. लेखी सूचना पाळण्याची सवय. पुन्हा प्रयत्न केला. तीच अक्षरे. तिसऱ्यांदा केला. खिडकीतली मुलगी म्हणत होती, "आजोबा, पैसे आलेले दिसत नाहीत." इतक्यात बँकेचे तीन संदेश पाठोपाठ आले : ८,००० वजा, ८,००० वजा, ८,००० वजा. खात्यात २६,००० होते, उरले २,०००. बाहेरून आणावयाच्या औषधांची चिठ्ठी हातात होती आणि ती ३,००० च्या वर जात होती. शेजारचे गृहस्थ भर पावसात रोख घेऊन आले म्हणून निभावले. पुढे त्या तीन रकमांपैकी एक रुग्णालयाला संध्याकाळी पोचली आणि उरलेल्या दोन चौथ्या दिवसापर्यंत खात्यात परत आल्या. पैसे बुडाले नाहीत. परंतु त्या सकाळचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही.

माझी नात संगणकाच्या व्यवसायात आहे. बंगळूरच्या एका कंपनीचे काम ती बेळगावातूनच करते. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी तिच्यापाशी त्या मोबाइलला यथेच्छ शिव्या दिल्या. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, असल्याच गोष्टी तपासण्याचं माझं काम आहे. व्यवहार फसला की यंत्रानं काय उत्तर द्यायचं, ते." मला वाटले होते, संगणकवाले गोष्टी चालाव्यात म्हणून खटपट करतात. न चालल्यास काय बोलावे याचाही कोणी विचार करीत असेल, हे मनात आले नव्हते. "मग सांग की," मी म्हणालो. रात्र मोठी होती आणि तिची आजी झोपली होती.

तिने सांगितलेले माझ्या भाषेत मांडतो. मोबाइलवर आपण जे पाहतो ती केवळ दर्शनी पडवी. पैसे देताना मोबाइलमधील कार्यक्रम आपल्या बँकेच्या संगणकाला विनंती पाठवितो, तो मध्यवर्ती यंत्रणेला, ती समोरच्याच्या बँकेला, आणि उत्तर त्याच वाटेने उलट येते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयचे काम असे चालते. एका कार्यक्रमाने दुसऱ्याशी ज्या ठरीव खिडकीतून बोलावयाचे, तिला एपीआय म्हणतात. डाकघरात पूर्वी जशी मनिऑर्डरची खिडकी वेगळी असे, रजिस्टरची वेगळी आणि प्रत्येकीचा छापील फॉर्म वेगळा, तसेच हे. आणि महाजालावरील प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर तीन आकड्यांची एक संख्या असते. २ ने आरंभ झाला तर काम झाले. ३ ने झाला तर मुक्काम बदलला आहे, तिकडे जा. ४ ने झाला तर विनंती पाठविणाऱ्याची चूक. ५ ने झाला तर विनंती घेणाऱ्याकडे बिघाड.

हे ऐकताच मी सरसावून बसलो. पहिल्या आकड्यावरून मुलूख ओळखावयाचा, ही तर आमच्या पिनकोडची रीत! श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने ती पद्धत घडविली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशभर सुरू झाली. कागल आणि निपाणी ही एकमेकांच्या शेजारची गावे. परंतु कागलचा पिन ४ ने सुरू होतो आणि निपाणीचा, ५९१२३७, हा ५ ने. टपाल वर्गवारी करणाऱ्याला पुढचे काही वाचण्याआधीच पिशवी कुठल्या दिशेची ते कळते. नात म्हणाली, संगणकांची ही रीत महाजालाहूनही जुनी आहे. फायली आणि पत्रे पाठविण्याच्या नियमांत असे तीन आकडी जबाब १९७० च्या दशकापासून आहेत. ई-मेल पाठविण्याचे १९८२ सालचे नियम लिहिणाऱ्या अमेरिकन गृहस्थांचे आडनाव ऐकून तर मला हसू आवरेना. ते होते जॉन पोस्टेल.

मग आम्ही दोघे तिचे आकडे आणि माझे शेरे जुळवीत बसलो. परत जाणाऱ्या टपालावर आम्ही कारण लिहीत असू : 'पत्ता अपुरा', 'या नावाची व्यक्ती येथे नाही', 'गाव सोडून गेले', 'घेण्यास नकार', 'दार बंद'. तिच्याकडे 'पत्ता अपुरा' म्हणजे ४००, विनंतीच नीट लिहिलेली नाही. 'येथे नाही' म्हणजे तो सर्वांनी पाहिलेला ४०४. 'गाव सोडून गेले' म्हणजे ४१०. 'नकार' म्हणजे ४०३. नवा पत्ता ठाऊक असल्याने पुढे धाडलेले पत्र म्हणजे ३०१. आणि 'दार बंद' म्हणजे बहुधा ५०३, आज सेवा बंद आहे, नंतर या. असे उत्तर देताना किती वेळाने यावे हेही सांगण्याची सोय असते, असे ती म्हणाली.

"एवढे सगळे शेरे असताना मला 'काहीतरी चुकले' का म्हणून?" मी विचारले.

"कुणीतरी शेरा लिहायचा कंटाळा केला म्हणून," ती सहज बोलून गेली.

तिला ठाऊक नव्हते. पण ते वाक्य मला लागले. कारण असा कंटाळा मी स्वतः केला होता.

मी डाकखात्यात लागलो १९७३ साली. नेमणूक निपाणी भागातल्या एका लहानशा डाकघरात होती. तंबाखूचा मुलूख. हंगामात बायका पहाटेच वखारीत जात आणि दिवेलागणीला परतत. गावातल्या एका म्हातारीचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. तो दरमहा ६० रुपयांची मनिऑर्डर धाडी. एका महिन्यात पोस्टमन तिच्या घरी दोनतीनदा गेला, दर वेळी कुलूप. मुदत संपली. मनिऑर्डर परत जावयाची तर कारण लिहावयास हवे. पोस्टमनने मला तोंडी सर्व सांगितले होते. परंतु डाकेची पिशवी बांधण्याची घाई होती आणि मी हातासरशी लिहून टाकले : 'या पत्त्यावर राहत नाही.'

दहा-बारा दिवसांनी सकाळी डाकघर उघडतो तो एक तरुण पायरीवर बसलेला. रात्रभर एस.टी.ने आला होता. डोळे लाल. म्हणाला, "साहेब, आई घरातच हाय की. ती हितं ऱ्हात न्हाई असं का लिवलंसा?" परत आलेल्या फॉर्मवरील माझे अक्षर पाहून त्याला वाटले होते, भाऊबंदांनी आईला घराबाहेर काढले. चार दिवसांची मजुरी बुडवून तो धावत आला होता. इकडे वाण्याने म्हातारीची उधारी बंद केली होती आणि मुलाने या महिन्यात आपल्याला टाकले, असे ती शेजारणीपाशी बोलली होती. हे सारे माझ्या चार शब्दांनी घडविले होते. मी 'दार बंद' एवढेच लिहिले असते तर त्याने दुसऱ्या दिवशी मनिऑर्डर पुन्हा केली असती.

आमचे पोस्टमास्तर त्या मुलाला चहा पाजून मग माझ्याकडे वळले. आवाज न चढविता म्हणाले, "मनिऑर्डर परत गेली याचं मला काही नाही. परत जातातच. पण कारण लिहिणं तुमचं काम होतं, आणि तुम्ही कारण बनवलंत." पुढे पस्तीस-छत्तीस वर्षे मी नोकरी केली, त्या शेऱ्याच्या जागी लेखणी टेकताना ते वाक्य प्रत्येक वेळी आठवले.

ही हकीकत मी नातीला त्या रात्री प्रथमच सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तिच्या व्यवसायात याहून वाईट प्रकारही घडतो. माथ्यावर २००, म्हणजे काम झाले, असा शिक्का मारतात आणि आतल्या कागदावर 'काम झाले नाही' असे लिहितात. घेणारा कार्यक्रम शिक्का पाहून निश्चिंत होतो, आतला कागद वाचीत नाही. असे अपयश कोणाच्या लक्षातच येत नाही. आणि आणखी एक प्रकार, माझ्या बाबतीत घडलेला : उत्तर वेळेत आलेच नाही. अशा वेळी काम झाले किंवा नाही झाले, दोन्ही संभवते. तेथे 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणणे सर्वांत धोक्याचे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अशा फसलेल्या व्यवहारांची मुदत बांधून दिली आहे. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि त्याच्याकडे खात्री पोचली नाही, तर ते व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यावयास हवेत; त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. पण रुग्णालयाच्या खिडकीशी उभ्या माणसाला पाच दिवस फार असतात.

सौभाग्यवती सातव्या दिवशी घरी आल्या. त्यानंतर नातीच्या शेजारी खुर्ची टाकून तिचे काम पाहण्याचा मला छंदच लागला. तीही पैसे भरण्याच्याच एका प्रणालीची तपासणी करीत होती. सर्व काही सुरळीत असता प्रणाली चालते की नाही, हे तिने एका सकाळीच पाहून घेतले. पुढचे पंधरा दिवस तिने ती मोडण्यात घालविले. तिने एक खोटी बँक तयार केली होती, म्हणजे बँकेचे सोंग घेणारा लहानसा कार्यक्रम. ती बँक कधी नकार देई, कधी अर्धे उत्तर देऊन गप्प होई, कधी तीस सेकंद झोपून राही, कधी पैसे घेऊन पोच न देताच संपर्क तोडी. प्रत्येक वेळी नात चार गोष्टी पाही. माथ्यावरचा आकडा बरोबर आहे का? कारण खरे असून पुढे काय करावे ते त्यात आहे का? बोलण्याच्या भरात प्रणालीने आपली आतली गुपिते बाहेर तर सांगितली नाहीत ना? आणि व्यवहार फसल्यावर वही जशीच्या तशी आहे ना? एकच विनंती ती मुद्दाम दोनदा पाठवी. प्रत्येक विनंतीला मनिऑर्डरीसारखा आपला क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे दुसऱ्यांदा न हलविता पहिलेच उत्तर द्यावयाचे. माझ्या मोबाइलमध्ये एवढे असते तर २४,००० च्या जागी ८,०००च गेले असते.

या कामात माझाही थोडा हातभार लागला. चुकीचे पत्ते मी तिच्यापेक्षा पुष्कळ पाहिले आहेत. गाव निपाणी आणि खाली 'जिल्हा कोल्हापूर' घाल, म्हणालो. आपल्याकडे असे लिहिणारे अजून आहेत. एकदा बेळगाव, एकदा बेळगावी लिही. आडनाव गाळ. पिनकोड मराठी आकड्यांत लिही. या शेवटच्या सूचनेवर प्रणाली कोसळली. उत्तर आले ५००, आमच्याकडे बिघाड झाला. नात आनंदाने ओरडली. खरे पाहता लिहिणाऱ्याचीही चूक नव्हती. आकडे तर सहाच होते, फक्त आपल्या लिपीतले. पोस्टेलसाहेबांचा दंडक होता म्हणे, की पाठविताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार. त्याप्रमाणे तिने प्रणालीकर्त्यांना कळविले की हे आकडे घेतले पाहिजेत.

शेवटी तिने माझ्याकडे एक काम सोपविले. उत्तर वेळेत न आल्यास ग्राहकाला दाखवावयाचा मजकूर मराठीत लिहून द्यावयाचा. मी तीन संध्याकाळी खपून लिहिले : 'तुमचे पैसे खात्यातून गेले आहेत. समोरच्याला पोचले की नाही ते अद्याप कळलेले नाही. पुन्हा पाठवू नका.'

तिने वाचले आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवले. "आजोबा, पैसे गेलेत हे आपल्याला ठाऊक कुठं आहे? नसतीलही गेले."

पन्नास वर्षांनी मी पुन्हा कारण बनविले होते. मुकाट्याने ते वाक्य खोडले आणि लिहिले : 'तुमच्या खात्यातून पैसे गेले असण्याचा संभव आहे.' पुढे दहा मिनिटांनी येथेच पाहावे, एवढे आणि संदर्भ क्रमांकासाठी रिकामी जागा ठेवली. सौभाग्यवतींना चष्मा लावून वाचावयास दिले. त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे थांबायचं. एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हणालो.