दमानं

मामांच्या पिकअपची किल्ली अर्धीच फिरवायची आणि थांबायचं. डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवा लागायचा. तो विझल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही, हा घरातला नियम होता. उन्हाळ्यात तो लगेच विझे. डिसेंबरातल्या बेंगळुरूच्या पहाटे मात्र काचेवर दव असे, स्टिअरिंग हाताला गार लागे आणि दिवा काही केल्या विझत नसे. आत चार सिलिंडरांचे चार हीटर प्लग लाल होत असायचे. ती ऊब मिळाल्याशिवाय थंड इंजिनात डिझेल पेट घेत नसे. मी अठरा वर्षांची होते आणि मला गाडी शिकायची घाई होती. "दमानं घे गं," शेजारच्या सीटवरून मामा म्हणत, "तिला जागी होऊ दे."

दम या एका शब्दाकडून मराठी माणूस किती कामं करून घेतो! चढ चढताना दम लागतो, संकटात दम धरायचा असतो, वाटेत दम खायचा असतो, आणि ज्याच्या अंगात दम आहे त्याला लोक मानतात. श्वास, धीर आणि बळ या तिन्हींना एकच शब्द का, ते मला या गाडीनं शिकवलं.

गाडी टाटामोबाइल होती. टेल्कोनं १९८८ साली ती पुण्याच्या कारखान्यातून बाजारात आणली. चौकोनी तोंड, पुढं दोघातिघांपुरती केबिन आणि मागं उघडा हौदा. निपाणीहून येऊन बेंगळुरूत स्थिरावलेले मामा बोअरवेलच्या मोटारी विकायचे आणि दुरुस्त करायचे. त्यांनी ती १९९७ साली जुनीच घेतली. एस. पी. रोडवरून मोटार आणि वीस फुटी पाइप भरायचे, मागं बाहेर आलेल्या टोकांना लाल फडकं बांधायचं आणि होसकोटे, कोलार, चिक्कबळ्ळापूरकडे निघायचं. तिकडं हजार-हजार फूट खोल जाऊन पाणी शोधावं लागतं. मोटार बंद पडली की शेतकऱ्याचा फोन यायचा तो रडवेल्या आवाजातच. त्यामुळं आमच्या घरात त्या गाडीला फार मान होता. ती वेळेवर पोचली तर कुणाचा तरी टोमॅटो जगणार होता.

इंजिन १९४८ सीसीचं, ताकद ६८ अश्वशक्ती. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नावावरून जिचं नाव ठेवलं ती सुमो १९९४ मध्ये आली, तिच्याही पोटात याच घराण्याचं इंजिन होतं. टर्बो नाही, कसलीही जोड नाही. पिस्टन खाली सरकला की वर पोकळी होते, तिथं बाहेरची हवा आपल्या पायानं शिरते. हवा येईल तेवढीच, आणि जेवढी हवा तेवढंच डिझेल नीट जळणार.

आता बेंगळुरू समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९२० मीटर उंच. इथली हवा गार म्हणून सगळे वाखाणतात, पण ती समुद्रकाठच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळही आहे. माणसाला ते जाणवत नाही. विनाटर्बोच्या इंजिनाला जन्मभर जाणवतं. कागदावरच्या ६८ घोड्यांपैकी पाच-सहा घोडे या शहरात पाऊल ठेवताक्षणी कमी होतात. त्यातून जुन्या डिझेल पंपाला उंचीबिंची कळत नाही. तो आपला ठरलेलं डिझेल सोडत राहतो, हवा मात्र कमी, म्हणून मागून काळा धूर. कलासिपाळ्यातले मेस्त्री सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवून काजळी बघत आणि कन्नडमध्ये दोनच शब्द बोलत, "उसिरु कम्मी." उसिरु म्हणजे श्वास. मग पंपाचा स्क्रू किंचित आवरायचा. धूर कमी व्हायचा, आणि ओढही थोडी कमी व्हायची. मामा म्हणायचे, हवा वाढवता येत नसेल तर भूक आवरावी.

एकदा एका नातेवाइकाचं घरसामान घेऊन आम्ही मंगळुरूला गेलो. हासन, सकलेशपूर, मग शिराडी घाट उतरून खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या रस्त्यावर मी गाडी चालवत होते आणि मला वाटलं, कुणीतरी रात्रीत इंजिन बदललं. तिसऱ्या गिअरमध्ये जिथं एरवी कण्हायची तिथं ती सहज पुढं जात होती. मामा हसले. "समुद्राची हवा लागली तिला." ही गाडी अशक्त नव्हती, आम्ही तिला अर्धपोटी ठेवून वर्षानुवर्षं राबवत होतो, हे मला तिथं कळलं. मग परतीचा घाट. पायथ्याच्या गुंड्यापासून ती जोरात निघाली, आणि जसजसं वर चढू लागलो तसतशी एकेक पायरीनं मंदावत गेली. तिसरा, दुसरा, शेवटच्या वळणांवर पहिला. मागं ट्रकांची रांग लागली. मामांनी वर एका सपाटीला गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि पंधरा मिनिटं कुणी काही बोललं नाही. धातू थंड होताना टक् टक् वाजतो, तेवढाच आवाज.

तिची दुसरी बाजू शहरात दिसे. सिल्क बोर्डच्या चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. तिथं पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की ती आपली आपण चालू लागायची. पाय जितका दाबाल तितकंच आणि त्याच क्षणी उत्तर. या साधेपणावर माझा अजून जीव आहे. माझा पाय गाडी चालवायला शिकला तो तिच्या हाताखाली.

टर्बोची कल्पना काही काल-परवाची नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं तिचं पेटंट घेतलं ते १९०५ साली. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर वाया जातो, तर त्याच्याच वाटेत दांड्यावर बसवलेली एक पाती ठेवायची. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी पाती, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. मधल्या इंटरकूलरमध्ये ती हवा थंड होते, म्हणजे आणखी दाट होते. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त, म्हणून ताकद जास्त. वरची हवा विरळ असेल तर टर्बो आणखी जोरानं फिरून बरीचशी भरपाई करतो. बेंगळुरूसारख्या गावाला याहून मोठी देणगी कोणती?

ही गोष्ट बेंगळुरूकरांनी आपल्याच अंगणात घडताना पाहिली. म्हैसूर रस्त्यावर बिडदीला टोयोटा किर्लोस्करचा कारखाना आहे. कंपनी १९९७ ची. मामांच्या दुकानात पंपांच्या खोक्यांवर किर्लोस्कर हे नाव लहानपणापासून वाचत आलेल्या मला ते मोटारीच्या कारखान्यावर दिसलं तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. १९१० साली लोखंडी नांगर घेऊन किर्लोस्करवाडीच्या माळावर पोचलेली ती वाट इथवर आली होती. तर बिडदीहून २००० साली क्वालिस निघाली. तिचं डिझेल इंजिन २४४६ सीसीचं, विनाटर्बो, ७५ अश्वशक्तीचं. २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली. इंजिन २४९४ सीसी, म्हणजे आकार जवळजवळ तोच, पण टर्बो आणि कॉमन रेल, आणि ताकद १०२. हौद तेवढाच, पाणी सव्वापटीहून जास्त. आता त्याच कारखान्याची हायलक्स पिकअप रस्त्यावर दिसते. २७५५ सीसीतून २०४ अश्वशक्ती. जुन्या टाटामोबाइलला एका लिटरमागं पस्तीस घोडे, हिला चौऱ्याहत्तर. पुन्हा मॅन्युअल गिअरच्या हायलक्सची ४२० न्यूटन मीटरची पूर्ण ओढ मिनिटाला १४०० फेऱ्यांपासूनच हाताशी येते, आणि ओझं ओढणाऱ्याला घोड्यांपेक्षा ही ओढच कामाची. अमेरिकेतल्या पेट्रोल पिकअपांतही वारं तेच. २०२४ च्या टाकोमात टोयोटानं ३.५ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून २.४ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. निसाननं मात्र आपल्या फ्रंटिअरमध्ये ३.८ लिटरचं विनाटर्बो इंजिन ठेवलं आहे, आणि ते मुद्दाम शोधून घेणारे लोक आहेत. मला त्यांचं मन कळतं.

मामेभावानं टर्बोची पिकअप घेतली तेव्हा टाटामोबाइल दारातच उभी होती. नवीन गाडी त्याच पाइपांचं ओझं घेऊन चौथ्या गिअरमध्ये चढ चढायची. जरा वेग घेतला की बॉनेटखालून बारीक शीळ ऐकू यायची. सिल्क बोर्डला मात्र ती आधी गप्प असायची, पाय दाबला तरी क्षणभर विचार करायची, आणि मग एकदम झेप. भावाला ती झेप आवडे. त्याची घाईही तशीच. नंदी टेकडीच्या चढावरून ओझं घेऊन यायचा, शेतकऱ्याच्या बांधावर थांबायचा आणि त्याच क्षणी किल्ली फिरवून उतरायचा.

दोन वर्षांत शिळेचा आवाज बदलला. घासल्यासारखा झाला, मागून निळसर धूर येऊ लागला. मेस्त्रींनी हवेचा पाइप काढला आणि मला जवळ बोलावलं. आत तळहाताएवढं ॲल्युमिनिअमचं पातीचं चाक होतं, फुलासारखं रेखीव. मधलं टोक त्यांनी चिमटीत धरून हलवलं. ते डुगडुगलं, आणि पात्यांच्या कडा घराला घासून खरवडलेल्या दिसल्या. हे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतं. इतक्या वेगात दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन एकदम बंद केलं की तेल थांबतं, पण दांडा अजून तापलेला आणि फिरता असतो. उरलेलं तेल जळून त्याची काजळी होते, पुढं ती बुशांना खाते. दोष गाडीचा नव्हता, आमच्या सवयीचा होता. टर्बो बदलायला जेवढे पैसे लागले तेवढ्यात जुन्या गाडीचं अख्खं इंजिन खोलून नवं करून झालं असतं. भाऊ हे बोलला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "तिला दम टाकू दिलाच नाहीस रे."

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. डिझेल स्वच्छ जळायला हवा भरपूर आणि मोजून लागते, ती टर्बोवाचून या ताकदीच्या पिकअपला मिळणं कठीण. आज शोरूममध्ये या आकाराची पिकअप घ्यायला गेलात तर टर्बो हवा की नको, असं कुणी विचारत नाही. मला विचाराल तर ज्याला घाट आहे आणि ओझं आहे त्यानं टर्बोच घ्यावा. शिराडीच्या त्या सपाटीवर पंधरा मिनिटं उभं राहिलेल्या माणसानं दुसरं काही सांगणं खोटं होईल. तरी मला वाटतं, गाडी शिकणाऱ्यानं एकदा तरी विनाटर्बोचं डिझेल चालवावं. हवेची किंमत तिथं पायाला कळते.

टाटामोबाइल २०१९ मध्ये चिक्कबळ्ळापूरच्या एका फूलशेतीवाल्यानं नेली. त्याला मळ्यापासून बाजारापर्यंतच जायचं होतं. मामांनी त्याला किल्ली अर्धी फिरवून दाखवली आणि दिवा विझेपर्यंत दोघं वाकून बघत राहिले.

मामा आता पंच्याहत्तरीला आले. गेल्या महिन्यात नव्या पिकअपमधून मीच त्यांना कोलारहून आणलं. दारात गाडी थांबली, मी किल्लीला हात घातला तसा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. इंजिन मंद चालू होतं. वरून भाऊ ओरडला, "बाबा, उतरा की!" मामांनी मान हलवली नाही. ते बॉनेटकडं कान लावून बसले होते, आणि मी मनात तीस आकडे मोजत होते.