कचारगडच्या वाटेवरचे व्याकरण

गोंदियाहून दुर्गकडे जाणारी गाडी आम्हांला दरेकसा स्टेशनात सोडून निघून गेली. माघी पौर्णिमेची यात्रा होती. गोंड भाविकांची रांग कचारगडच्या गुहेकडे चालली होती. सोबत माझा एक जुना विद्यार्थी होता. गोंडी त्याची मायबोली. दम खाण्याच्या निमित्ताने मी त्याच्याकडून नामे शिकू लागलो.

'मरा' म्हणजे झाड, झाडे 'मराक'. 'कय' म्हणजे हात. अनेक झाले की 'कैक'. (सगळीच नामे काही 'क'ला वश नाहीत, हेही त्याने बजावले.) भाषा तेलुगू-कानडीच्या द्राविडी गोतातली, आपल्या मराठीचा शेजार मात्र शतकानुशतकांचा.

खरी मौज लिंगाची. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन घरे, गोंडीत दोनच. पुरुषमाणूस असेल तर 'ओर'. आई, गाय, झाड या साऱ्यांना मिळून एकच 'अद'.

"आईला झाडाच्या पंगतीला बसवता होय रे?" मी थट्टेने म्हटले.

"सर, तुम्हीही पोरीला 'ते पोरगं' म्हणताच की!"

मी निरुत्तर झालो. आणि एकदम आठवले. पहिल्या वर्षाच्या निबंधात त्याने लिहिले होते, 'आई बाजारातून आलं.' मी तांबड्या शाईने खोडून ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखविले होते. वर्ग खूप हसला होता, मीही.

"तो निबंध आठवतो का रे?"

"आठवतो, सर," तो म्हणाला, आणि पुढचा दगड चढायला त्याने मला हात दिला.