‘किंड्रेड’ वाचताना

परीकथांचा मला राग. उडता घोडा असतो, राजपुत्र असतो. घोड्याची लीद काढणाऱ्याला मात्र नाव नसतं. म्हणून ऑक्टाविया बटलरची १९७९ची ‘किंड्रेड’ हातात आली तेव्हा नाक मुरडलं. मग डिक्शनरी उशाशी घेऊन महिनाभर वाचली.

डेना ही १९७६ सालातली काळी लेखिका. एकाएकी दीडशेवर वर्षं मागं, मेरीलँडच्या गुलामांच्या मळ्यावर ओढली जाते. कशी, ते बाई सांगतच नाही. यंत्र नाही, मंत्र नाही. अन् वाचवायचं कुणाला? मळेवाल्या गोऱ्याच्या पोराला. तोच तिचा पूर्वज. तो मेला तर ही जन्मायचीच नाही. शेवटच्या परतीत तिचा डावा हात जातो.

बटलरची आई गोऱ्यांच्या घरी कामाला मागच्या दारानं जायची. कॉलेजातला एक काळा पोरगा वाडवडलांच्या लाचारीवर चिडून बोलला, त्यातून बटलरला ही कादंबरी सुचली.

तो पोरगा म्हणजे मीच. पाटलाच्या वाड्यापुढं चपला हातात घेणाऱ्या आज्याला मी भेकड म्हणालो होतो, तोंडावर. तो बोलला नाही, तंबाखू मळत राहिला. आता तो नाही.

दोस्तहो, पुस्तक माझ्याकडं आहे. न्या, पण परत आणून द्या.