सरकलेली जाळी

आपल्याकडे स्टेंटला कुणी स्टेंट म्हणत नाही, जाळी म्हणतात. हृदयात जाळी बसवलेला माणूस आता प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो. अन्ननलिकेतही जाळी बसवतात, हे मात्र आमच्या घरी २०१९च्या जानेवारीत कळले. अब्बांना आधी भाकरी गिळवेना, मग चपाती, मग भात. लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर त्यांची उमर गेली. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गूळ पारखणारा हा माणूस पाण्याच्या घोटालाही अडखळू लागला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी कॅन्सर निघाला. पुण्यातल्या एका इस्पितळात जाळी बसवली आणि चार दिवसांनी अब्बा लोकलने घरी येऊन मऊ इंद्रायणी भात जेवले.

ही जाळी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. दाबून बारीक केलेली आत सोडतात. अंगाच्या उबेत ती फुलते आणि गाठीला बाजूला रेटून वाट करून देते. स्टेंट हे खरे तर एका इंग्रज दंतवैद्याचे आडनाव. चार्ल्स स्टेंट याने १८५६ साली दातांचे ठसे घेण्याचा मसाला तयार केला होता. दातांपासून निघालेला शब्द घशाखाली उतरला म्हणायचा.

एप्रिलमध्ये अब्बांचे गिळणे पुन्हा अडले. एक्स-रे काढला तर जाळी जागेवर नव्हती, खाली जठरात जाऊन पडली होती. मग लोकांच्या जिभा सुटल्या. कुणी म्हणाले लोकलचे धक्के, कुणी म्हणाले नजर. एका नातेवाइकाने तर सजद्यावरच बोट ठेवले. वाकून वाकून सुटली म्हणे. अब्बांना तेच लागले. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांनी दुसरे काहीच विचारले नाही.

"डॉक्टरसाहेब, नमाजमुळे सरकली का?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. अन्ननलिका म्हणजे नळ नव्हे, तिला स्नायू असतात. घास आपोआप खाली पडत नाही, लाटेसारखा ढकलला जातो. म्हणून तर माणूस उलटा लटकला तरी गिळू शकतो. त्या स्नायूंना घास कोणता आणि जाळी कोणती, हा फरक कळत नाही. त्यातून जठराच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीचे खालचे टोक मोकळे लोंबते, तिथे पकड मिळत नाही. शिवाय अब्बांना रेडिएशनचा शेक दिला होता. गाठ आक्रसली आणि जाळीचा आधारच सुटला. म्हणजे इलाज लागू पडला म्हणून जाळी निसटली! हे ऐकून अम्मी हसली की रडली, मला आजही सांगता येणार नाही. आवरण नसलेली जाळी कमी सरकते, पण तिच्या भोकांतून गाठ आत वाढते. दोन्हीकडून पंचाईत.

सजद्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "सरकण्याशी त्याचा संबंध नाही, चाचा. पण जाळीमुळे जठराचे दार उघडे राहते. जेवून वाकलात तर आंबट पाणी वर येईल. जेवणाआधी पढा, नाहीतर खुर्चीवर बसून." अब्बांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

जुनी जाळी दुर्बिणीतून काढली. तिच्या वरच्या काठाला दोरा ओवलेला असतो. तो चिमट्याने ओढला की बटव्याच्या तोंडासारखी ती मिटते. नवी, जास्त रुंद जाळी बसवली. मे महिन्यात रमजान आला. रोजे शक्यच नव्हते. अब्बांनी कामशेतहून तांदूळ मागवला आणि तीस रोज्यांचा फिदिया स्वतः मापून दिला. माप शिगोशीग भरायचे, वर आणखी एक मूठ. स्वतः मात्र गाळलेली पेज पीत होते. इफ्तारला सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसायचे, खजूर हातात धरून ठेवायचे आणि मग नातवाला द्यायचे.

दुसरी जाळी टिकली. नोव्हेंबरमध्ये अब्बा गेले. गुस्लच्या वेळी कुणीतरी विचारले, अंगात लोखंड आहे, काढायला नको का? मौलाना म्हणाले, मय्यतीला जिवंत माणसासारखेच जपायचे, चिरफाड करायची नाही. जाळी अब्बांबरोबरच गेली.